चारला चार कमी

माझी आई खोटं बोलत नाही असं म्हटलं तर ती स्वतःच हसेल. नको असलेला फोन आला की "झोपलीय म्हणून सांग" हे तिचं रोजचं आहे. पण देवाधर्माच्या गोष्टीत ती कधी इकडचं तिकडे करत नाही. सोमवारचा उपवास चुकून मोडला तरी चार जणांना सांगते तेव्हा कुठे तिला चैन पडतं. म्हणून गेल्या ३० सप्टेंबरला तिनं आजोळच्या मठातल्या स्वामींना जे उत्तर दिलं, ते मला अजून पचलेलं नाही.

आम्ही लातूरहून सकाळीच निघालो होतो. औसा, लामजना, मग तेरणेच्या अंगाला वळलेला रस्ता. किल्लारीच्या स्मारकापाशी सरकारी मानवंदना असते, तिथं आम्ही जात नाही. आजोळच्या गावात, म्हणजे नव्या गावात, सभामंडपात छोटा कार्यक्रम होतो तिथं जातो. गेलेल्यांच्या नावांचा फ्लेक्स, त्याला हार, दोन मिनिटं उभं राहायचं, मग भाषणं. यंदाही माईक खरखरत होता. बोलणारा पोरगा भूकंपानंतर जन्मलेला, त्यामुळे आवाजात सगळ्यात जास्त कंप त्याच्याच. चहा झाला, बायका एकमेकींच्या गळ्यात पडून झाल्या, निघायची वेळ झाली. स्वामी कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. नव्वदीला टेकलेत आता. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं दिसतं असं ते म्हणतात. आई लांबूनच "शरणार्थी", म्हणजे आमच्यातला नमस्कार, म्हणून पुढे सरकणार, तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं.

"तू अप्पाची धाकली न्हवं?"

"व्हय."

"एक इचारायचं ऱ्हायलंय तुला. अप्पाच्या हातात इष्टलिंग हुतं का ग माय?"

आईनं श्वासही घेतला नाही. "हुतं की. डाव्या तळहातावर. मूठ गच्च हुती."

स्वामी काहीतरी पुटपुटले, बहुतेक "बरं झालं". मनगट सोडलं. त्यांच्या अंगठ्याची विभूती आईच्या बांगडीला लागलेली मला दिसली.

आईनं गेलेल्या अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, पाहिलंच नव्हतं.

मी तेव्हा, १९९३च्या भूकंपात, ११ वर्षांची होते. लातूरच्या भाड्याच्या घरात मांडणीवरची भांडी एकदम खाली आली आणि बाबांनी आम्हा दोघा भावंडांना दंडाला धरून मैदानात नेलं, एवढं मला पक्कं आठवतं. पुढचं आठवतं की ऐकून ऐकून आठवल्यासारखं वाटतं, ते आता वेगळं काढता येत नाही. आजोळी पोचायला आम्हाला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. गाड्या पुढे सोडत नव्हते. शेवटचा पल्ला आम्ही एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून केला आणि पाऊस चालू होता. एरवी वळण आलं की आधी मठाचा कळस दिसायचा, मग पाटलाच्या वाड्याचा बुरूज. त्या दिवशी वळण आलं, गेलं, आणि आई म्हणाली, "अजून आलं न्हाई का?" आम्ही गावातच होतो.

वास मात्र माझा स्वतःचा आहे, तो कुणी सांगितलेला नाही. भिजलेल्या पांढऱ्या मातीचा. पहिल्या पावसात येतो तो नव्हे, शिळा, कोंदट, पेव उघडल्यावर यावा तसा. आणि त्यावर धूर. चिता पेटलेल्या होत्या. अप्पा त्यातल्या कुठल्या एकीवर होते. कुठल्या, ते मामालाही सांगता आलं नाही. तो त्या रात्री शेतात जागलीला होता म्हणून वाचला आणि पहाटेपासून आपल्या दोन लेकरांसाठी हातांनी दगड उपसत होता. अप्पांना लष्कराच्या जवानांनी बाहेर काढलं तेव्हा तो ढिगाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

माळवदाची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांत भरलेली माती, वर सागवानी तुळया, किलचन आणि त्यावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. लहानपणी दुपारी त्या जमिनीवर पालथं पडून राहायचो, पोटाला गारवा लागायचा. दरवर्षी मिरगाच्या आधी अप्पा गडी लावून माळवदावर नवी माती टाकायचे, म्हणजे पावसाळ्यात गळायला नको. जुनी काढायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. वाडवडिलांपासून घराची अशी निगुतीनं काळजी घेतली आणि दर सालाला छत थोडं थोडं जड होत गेलं. गावकुसाबाहेर कुडाच्या भिंतींची, पत्र्याची, गवताची घरं होती, तिथली माणसं त्या मानानं वाचली. मोठ्या वाड्यांत घरंच्या घरं गेली. हे असं उलटं झालेलं पाहून काही जणांना देवाचा न्याय दिसला, काही जणांना नुसता दगड-मातीचा हिशोब. माझे अप्पा दोन्ही बाजूंना वाईट माणूस नव्हते, एवढंच मला माहीत आहे.

आता स्वामींचं.

आमच्या गावात लिंगायतांची घरं बरीच. आमच्यात माणूस जाळत नाहीत. त्याला बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच मातीत ठेवतात. माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. जन्मल्यापासून जे अंगावर बाळगलं ते जाताना हातात असावं, इतकी साधी अपेक्षा. १ ऑक्टोबरला सकाळी गावात बसवायला माणसं इतकी होती की खड्डे खणायला माणसं नव्हती. काळी जमीन, वरून पाऊस. दोन हात खणलं की कडा ढासळायच्या आणि खड्ड्यात पाणी. मुलाणीचाचांनी आपल्या घरातल्यांसाठी कशाबशा कबरी खणल्या, त्याही गुडघाभर चिखलात उभं राहून. बाहेरून आलेले अधिकारी, डॉक्टर सांगत होते की आता थांबता येणार नाही, रोगराई पसरेल. लाकूड होतं. पडलेल्या घरांच्याच तुळया, शंभर वर्षं मुरलेला साग. पण त्या लाकडावर कुणी आपलं माणूस ठेवेना. मामा सांगतो, सगळे नुसते रांगेकडे बघत उभे होते, कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं, आणि कुत्री जवळ येत होती.

तेव्हा स्वामी मठाच्या ढिगाऱ्यावरून उतरून आले. ते म्हणाले, "जाळा. पाप लागलं तर मला लागंल."

मामा हे वाक्य सांगताना आवाज चढवत नाही. तो म्हणतो, स्वामीही चढवून बोलले नव्हते, उलट घसा बसला होता, मागच्यांना ऐकूच गेलं नाही. मग ते विभूतीचा गोळा घेऊन रांगेतून वाकून वाकून चालत निघाले. प्रत्येकाच्या कपाळावर तीन बोटं. गोळा संपला. एका घराची चूल उघडी पडली होती, तिच्यातली राख त्यांनी धोतराच्या सोग्यात घेतली आणि पुढे गेले. कुणीतरी म्हणालं, स्वामी, हा आपल्यातला नव्हे. कोण कुणातला हे ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं, सगळ्यांचे चेहरे मातीनं आधीच पांढरे झाले होते. स्वामींनी मान वर केली नाही. पांढऱ्यावर पांढरी बोटं ओढत गेले.

मी हा प्रसंग इतक्यांदा ऐकलाय की त्यावर मोठं काही लिहायचा मोह होतो. आईसमोर तो टिकत नाही. आईनं या माणसाला तीस वर्षं माफ केलं नव्हतं.

कारण १९९२. भूकंपाच्या आदल्या वर्षीही त्या भागात हादरे बसले होते. पावसाळा सरता सरता सुरू झाले, ते दिवाळीपर्यंत. जमिनीतून गुडगुड आवाज यायचा, भांडी वाजायची. किल्लारीकडचे लोक कित्येक रात्री अंगणात, खळ्यात झोपले. अप्पाही बाहेर झोपायचे, बाजेला मच्छरदाणी बांधून. त्यांनी लातूरला आईला निरोप धाडला होता की पोरांना सुट्टीत पाठवू नकोस. मग थंडी पडली, चोऱ्या व्हायला लागल्या, म्हातारी माणसं खोकायला लागली. गाव मठात जमलं आणि स्वामींना विचारलं, काय करावं. ते म्हणाले, घराला पाठ दाखवू नये, आत झोपा, मीबी मठात झोपतो. आणि झोपले. त्यांच्या शब्दावर गाव आत गेलं. अप्पा आत गेले. पुढे दहा-अकरा महिने काही झालं नाही, शब्द खरा ठरला. मग अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात सोडून, ढोल वाजवून वाजवून दमलेली माणसं घरात जाऊन आडवी झाली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. आई म्हणायची, म्हाळ कुणाकुणाचा घालायचा आणि घालायला उरलं कोण?

आता कुणी म्हणेल, स्वामींना काय माहीत असणार. खरंच आहे. भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा कातळ हलत नाही असं शिकलेली माणसंही म्हणत. पण शिकलेल्या माणसांना गावानं विचारलं नव्हतं. ज्याला विचारलं त्यानं उत्तर दिलं. "माहीत न्हाई म्हनायला काय झालं हुतं?" आईचा हा एकच प्रश्न होता आणि तो तिनं त्यांना कधी विचारला नाही. फक्त त्यांच्या हातचं तीर्थ घेणं सोडलं.

मामीचं नेमकं उलटं. मामीचा पाय मोडला आणि दोन्ही लेकरं गेली. दोन मुलांनंतर तिनं ऑपरेशन करून घेतलेलं होतं. भूकंपानंतर अशा कितीतरी बाया होत्या, नसबंदी झालेल्या आणि लेकरं गेलेल्या. ती उलटवायची शस्त्रक्रिया करता येते असं डॉक्टर सांगायला लागले, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये त्यावर कुजबुज सुरू झाली. देवानं नेलं ते परत मागू नये, असं एक आजी म्हणाली. मामाही गप्प होता. स्वामी संध्याकाळी शेडमागून शेड फिरायचे. आमच्या शेडमध्ये येऊन पोत्यावर बसले, मामीला म्हणाले, "जा तू. तुझा देव तुला आडवा येत आसंल तर त्याला माझ्याकडं धाड." मामी गेली. तिला पुढे मुलगी झाली. मामीच्या देव्हाऱ्यात आज बसवेश्वरांच्या शेजारी स्वामींचा फोटो आहे. दिवाळीला आई त्या घरात गेली की देव्हाऱ्याला नमस्कार करताना डोळे मिटून घेते, फोटो दिसू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, आईची भक्ती मोठी.

त्या शेडची आठवण मला नको वाटते. लातूरकडचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा. दुपारी आत बसवत नसे, बाहेर झाड नसे. रस्त्याकडेला आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजून वाळून कडक झाले होते. त्यात कोट होते, टिकल्यांच्या साड्या होत्या, एक पाय नसलेली पॅन्टही मी पाहिली आहे. मुख्यमंत्री शरद पवार पहिल्याच दिवशी येऊन गेले होते, नंतर मंत्री आले, परदेशी पाहुणे आले, संस्था आल्या. जैन संघटनेनं शेकडो मुलं शिकायला पुण्याला नेली. हे सगळं त्या त्या वेळी फार मोठं होतं आणि आमची माणसं ते विसरलेली नाहीत. पण नुकसानभरपाईचा पैसा हातात आल्यावर संध्याकाळी बाटली उघडून बसणाऱ्या पुरुषांना उठवायला मंत्री येत नाही. ते काम स्वामींनी केलं. नीट जमलं असंही नाही. दोघा-तिघांनी त्यांना शिव्या दिल्या, एकानं ढकललं. विधवा आणि विधुरांची लग्नं त्यांनी त्याच शेडमध्ये लावली, वाजंत्र्याशिवाय. त्यातली काही टिकली, काही नाही. एक बाई सहा महिन्यांत माहेरी निघून गेली आणि जाताना स्वामींच्या नावानं बोटं मोडत गेली.

एकदा बाहेरून कुणी बुवा आले होते. शेडच्या मधल्या मोकळ्या जागेत प्रवचनाला बसले. पापाचा घडा भरला की धरणीमाता हलते, वगैरे. तेव्हा असं बोलणारे बरेच फिरत होते. कुणी माकणीच्या धरणाला दोष देई, कुणी बदललेल्या रीतीभातींना, कुणी बायकांना. लोक ऐकत होते, कारण काहीतरी कारण पाहिजे होतं. स्वामी मागे बसलेले. ते उठले आणि म्हणाले, "माझ्या गावात दोन महिन्यांचं लेकरू गेलंय महाराज. त्याचा घडा केवढा आसंल, तेवढं सांगून पुढं बोला." प्रवचन पुढे झालंच नाही. हे मी स्वतः पाहिलंय, मामीच्या मांडीवर डोकं ठेवून. गंमत अशी की हे घरी आल्यावर मी आईला उत्साहानं सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "आन त्यांनी आदल्या वर्षी काय सांगिटलं हुतं?"

नवं गाव वसलं ते वहीत आखल्यासारखं. सरळ रस्ते, आणि जमिनीप्रमाणे घरं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचं असंच झालं. गल्ली नाही, बोळ नाही, एका घरातून दुसरीच्या चुलीवर काय शिजतंय ते कळायची सोय नाही. पहिली दोन वर्षं मामी रात्री घर चुकायची. नव्या मठाला देणगी द्यायला लोक तयार होते, पण स्वामींनी शेवटच्या घराला दार लागेपर्यंत पायाच खोदू दिला नाही. मठ झाला, तोही पत्र्याचा. आज तिशीतली पोरं म्हणतात, शेजारच्या गावात केवढं मोठं मंदिर झालंय, आपल्यालाही हवं. मला त्यांचं चूक वाटत नाही. त्यांच्या डोक्यावर माळवद कधी नव्हतंच.

तर तीस वर्षांनंतर हा माणूस माझ्या आईचं मनगट धरून विचारतो, हातात लिंग होतं का. नंतर मामानं सांगितलं की हल्ली ते प्रत्येकाला विचारतात. "मी कपाळं बगितली, हात बगायचे ऱ्हायले," असं म्हणतात. मामाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, स्वामी, मला न्हाई ठाऊक. तेही खरंच होतं. ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी असंच काहीतरी खरं सांगितलं असणार. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो हे स्वामींना आठवत नसेल का? कधी वाटतं नसेल, वय झालंय. कधी वाटतं, चांगलं आठवत असेल आणि म्हणूनच आईला विचारलं असेल.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. औसा येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. औशाला शेंगा घेतल्या आणि सोलत बसली. मीच विचारलं, "का ग असं सांगितलंस?"

"काय सांगिटलं?"

"मूठ गच्च होती म्हणून."

ती शेंगा सोलत राहिली. टरफलं पदरात गोळा करत होती, बसमध्ये टाकायची नाहीत म्हणून.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या घडीत, अप्पांची डबी असते. इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, एका बाजूनं चेपलेली. भूकंपानंतर चार-पाच महिन्यांनी मामा दारं-चौकटी काढायला ढिगारा उपसत होता, तेव्हा दिवळीच्या दगडाखाली सापडली. मला डबी सापडल्याचं माहीत होतं, पाहिलीही होती, पण मी नेहमी धरून चालले होते की लिंग आत असणार. म्हणजे अप्पांच्या हातात ते नव्हतंच, आणि आई स्वामींशी धडधडीत खोटं बोलली. दिवसभर माझ्या मनात घोळत होतं ते हे.

आईनं डबी माझ्या हातात दिली. हलकी होती. झाकण बिजागरीला वाकडं होऊन अडकलेलं, नखानं उचकटावं लागलं. आत माती होती, चिमूटभर, पांढरी. दुसरं काही नव्हतं.

"सापडली तवाबी रिकामीच हुती," आई म्हणाली. "पडल्यावर उघडून आतलं कुटं गेलंबी आसंल. मामानं दोन दिस चाळलं, मिळालं न्हाई."

अप्पा पहाटे उठल्या उठल्या आधी दिवळीपाशी जायचे. तोंड धुवायच्याही आधी डबी उघडून लिंग एकदा तळहातावर घ्यायचे, डोळ्यांना लावायचे, मग आंघोळीला. सुट्टीत आम्ही झोपेच्या सोंगातून ते पाहायचो. चारचा त्यांचा नेम होता.

"पण चारच्या आधी झाला ना भूकंप," मी म्हटलं. "तीन छप्पन्नला."

"चारला चार कमी," आई म्हणाली. तिनं माझ्या हातून डबी घेतली, झाकण दाबून बसवलं. "आपल्या घरातलं घड्याळ पाच मिंटं पुढं आसायचं. अप्पाच लावून ठिवायचे."

आणि शालूची घडी नीट करून तिनं कपाट लावलं.